पुरात सांभाळायला दिलेली घोडी परत मागितली, तर चार वर्षांच्या वैरणीचा हिशेब पुढे आला

चिखलीकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. आम्ही कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा २०१९ च्या पुराचा अनुभव गाठीशी असल्याने आम्ही पाणी उंबऱ्याला लागायच्या आत जनावरे हलवली. म्हशी सोनतळीला नातेवाइकांकडे गेल्या. घोडीला मात्र त्या दाटीत जागा नव्हती, म्हणून वडिलांनी ती पन्हाळ्याच्या बाजूला उंचावर शेत असलेल्या त्यांच्या एका जुन्या स्नेह्यांकडे, म्हणजे आम्ही ज्यांना काका म्हणतो त्यांच्याकडे, नेऊन बांधली. "पाणी ओसरले की घेऊन जातो," एवढेच बोलणे झाले. कागद झाला नाही आणि तशा वेळी तो कुणी करतही नाही.

पूर ओसरला, पण आमच्या तबेल्याची एक भिंत गेली होती. दसऱ्याच्या सुमारास वडील घोडी आणायला गेले, तेव्हा काकांचा मुलगा तिच्यावर बसायला शिकत होता. "पोराला लळा लागला आहे, राहू द्या अजून," असे काका म्हणाले आणि वडिलांनीही "राहू दे, लागेल तेव्हा नेऊ," म्हणून होकार दिला. त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा आमची फेरी होत असे, घोडी चांगली दिसत असे, आणि खर्चाचा विषय दोन्ही बाजूंनी कधी निघाला नाही.

यंदा आम्ही तबेला नव्याने बांधला आणि दिवाळीनंतर घोडी परत मागितली. त्यावर काकांनी रोजचे २५० रुपये याप्रमाणे चार वर्षांचे ३,६५,००० रुपये मागितले आणि ते मिळाल्याशिवाय घोडी सोडणार नाही असे सांगितले. शिवाय २०२३ मध्ये त्यांनी आम्हाला न विचारता घोडी फळवून घेतली होती. तिचे दीड-पावणेदोन वर्षांचे शिंगरू आज त्यांच्या दावणीला आहे आणि नराचे पैसे आपण भरले म्हणून ते आपले, असे त्यांचे म्हणणे आहे. गावात चौकशी केल्यावर असेही कळले की दोन लग्नसराईंत घोडी वरातींना भाड्याने गेली होती. वडिलांना सर्वांत जास्त लागले ते हेच.

घोडी आमची आहे याबद्दल त्यांचाही वाद नाही. वैरणीचे पैसे आम्ही देणे लागतो का, शिंगरू कोणाचे, आणि पैशासाठी घोडी अडवून धरता येते का, एवढेच मला जाणकारांना विचारायचे आहे. काकांशी तीस वर्षांचा घरोबा आहे, तो तुटू नये अशीही इच्छा आहे.

रंकाळा

यात विचारायचे काय? दुसऱ्याची वस्तू मागूनही परत न देणे हा विश्वासघात आहे. सरळ पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, दोन दिवसांत घोडी दारात येईल.

वकील, कसबा बावडा

वरील सल्ला तूर्त तरी मानू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा ठरण्यासाठी अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. जो माणूस मालकी मान्य करतो, घोडी डोळ्यांसमोर बांधून ठेवतो आणि केवळ हिशेबाचा वाद घालतो, त्याच्याविरुद्ध तो हेतू दाखवणे अवघड असते. हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे आणि त्याची उत्तरे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ पासून पुढे मिळतात. गंमत अशी की तो कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाहन म्हणजे घोडाच होता, त्यामुळे कायद्याच्या त्या भागात दाखल्यादाखल घोडेच येतात. खोडकर घोड्याची खोड न सांगता तो उसना देणारा, फक्त स्वतः बसण्यासाठी घोडा घेऊन घरातल्या दुसऱ्याला बसवणारा, काशीला जायचे सांगून घोडा कटकला नेणारा, हे सगळे त्या कलमांखालच्या उदाहरणांत भेटतात.

तुमच्या प्रकरणाची किल्ली मात्र एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न मराठीत फार नेमका विचारता येतो: घोडी *सांभाळायला* दिली होती की *वापरायला* दिली होती? सांभाळायला दिली असेल, म्हणजे सोय तुमची आणि कष्ट त्यांचे असतील, आणि त्यांनी त्याचा मोबदला घेतलेला नसेल, तर कलम १५८ प्रमाणे त्यांनी केलेला आवश्यक खर्च तुम्ही भरून द्यायला हवा. वापरायला दिली असेल, म्हणजे फुकट बसायला मिळालेली घोडी त्यांच्या मुलाने वापरली असेल, तर त्या काळातली रोजची वैरण ज्याने वापर केला त्याच्या अंगावर पडते, असेच मी मांडेन. तुम्ही लिहिलेल्या हकिकतीवरून जुलैपासून दसऱ्यापर्यंतचे तीनएक महिने पहिल्या प्रकारात बसतात आणि त्यापुढचा सगळा काळ दुसऱ्या प्रकारात जातो. तेव्हा मागणी पूर्ण खोटी नाही. पण ती चार वर्षांची नसून साधारण एका पावसाळ्याची आहे.

शिंगराबाबत कलम १६३ स्पष्ट आहे. उलट करार नसेल, तर ठेवलेल्या वस्तूत झालेली वाढ किंवा तिच्यापासून झालेला लाभ मालकाला द्यावा लागतो आणि कायद्यातले उदाहरणच गाय आणि तिच्या वासराचे आहे. गाय सांभाळायला ठेवली आणि व्याली, तर वासरू गायीबरोबर परत करावे लागते. नराचे पैसे कोणी भरले यावरून मालकी ठरत नाही. फार तर ती रक्कम परत मागण्याचा मुद्दा होऊ शकेल, आणि तोही तुमची संमती नसल्यामुळे कमजोर आहे. वरातींच्या भाड्यालाही हेच कलम लागू होऊ शकते. त्याखेरीज, मुलाने बसण्यासाठी दिलेली घोडी भाड्याने फिरवणे हा ठरल्याबाहेरचा वापर झाला. तशा वापरात घोडीला इजा झाली असती, तर काळजी घेऊनही भरपाई त्यांच्यावर आली असती, असे कलम १५४ सांगते.

आता अडवून धरण्याचा प्रश्न. फुकट वापरायला दिलेली वस्तू, मुदत ठरली असली तरीही, मालक केव्हाही परत मागू शकतो (कलम १५९). तुमच्याकडे तर मुदतही ठरलेली नव्हती. कलम १७० खाली वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क ज्याने तिच्यावर मेहनत किंवा कौशल्य खर्च केले त्याला असतो, जसा दागिना घडवणाऱ्या सोनाराला असतो. घोडी शिकवून तयार करणाऱ्याला तो मिळेल, नुसती वैरण घालणाऱ्याला मिळणे कठीण आहे. आधी स्पीड पोस्टाने साध्या, सभ्य भाषेत मागणीपत्र पाठवावे. घोडी केव्हा व का दिली, केव्हा परत मागितली आणि पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचा वाजवी खर्च द्यायची तयारी आहे, एवढे त्यात असावे. शेवटचे वाक्य जरूर घालावे, कारण पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर तेच तुमच्या बाजूने बोलेल.

खोगीर, गडहिंग्लज

वकीलसाहेबांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण मी स्वतः एकदा त्या काकांच्या जागी होतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. एका परिचितांनी आपला घोडा माझ्याकडे ठेवला, तेव्हा त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. एका भाद्रपदातल्या रात्री त्याला पोटशूळ उठला. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेले वर येण्याची वाट बंद असते आणि सकाळपर्यंत थांबू म्हटले तर सकाळ दिसेलच असे नसते. डॉक्टर येईपर्यंत मी आणि माझा भाऊ पहाटेपर्यंत आळीपाळीने त्याला हाताने फिरवत होतो, तो लोळायला लागला की उठवत होतो. तो वाचला, वर्षभरात अंगाने भरला, आणि नेमका तेव्हाच मालकांना त्याची आठवण झाली. ज्या वर्षी घोडा मरतुकडा होता त्या वर्षी त्यांचा एक फोनही आला नव्हता. कायद्याने घोडा त्यांचाच होता आणि मी तो दिलाही. पण त्यानंतर आमचे बोलणे नाही.

चिखलीकर, तुम्ही स्वतःच लिहिले आहे की घोडी चांगली दिसत असे. पन्हाळ्याच्या पावसात चार वर्षे घोडी चांगली दिसणे आपोआप होत नाही. त्या बाजूला पावसाळ्यात तबेल्याची जमीन कोरडी राखली नाही तर खुराच्या तळव्याला कुजका वास येऊ लागतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो, रोज खरारा करावा लागतो, आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) ठेवला नसेल तर हे सगळे घरच्या माणसाने करावे लागते. या कामांचा उल्लेख कोणत्याही कलमात नसला, तरी हिशेबाला बसताना तो तुमच्या तोंडून आधी निघाला पाहिजे.

मात्र २५० रुपयांचा आकडा मलाही पटत नाही. शेतकऱ्याच्या घरी मका, हत्तीगवत आणि कडबा रानातलाच असतो. विकत येतो तो हरभरा, कोंडा आणि औषध. शिवाय घोडीला नुसता कोंडा भरपूर घालून ती गुटगुटीत केली असेल तर ते कौतुकाचे नाही, कारण कोंड्यात स्फुरद फार आणि चुना कमी असल्याने कालांतराने हाडे पोकळ होतात. वरातीच्या भाड्याबद्दल मी काकांची बाजू घेणार नाही. घोडी बँडच्या आणि फटाक्यांच्या आवाजात उभी करायची, तर आधी मालकाला विचारायचे असते. त्याला कलम लागत नाही.

शिंगराबद्दल माझे मत वेगळे आहे. जन्मापासून ज्याने ते पाहिले, त्याच्याकडेच ते राहू द्यावे. घोडी अकरा महिने गाभण होती आणि त्या काळात तुमच्याकडून कोणी दोन-तीन वेळा तरी गेलेच असणार. पोट दिसले असेल, आणि तेव्हा कोणी काही बोलले नाही.

वकील, कसबा बावडा

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्या नजरेतून सुटला होता. गाभण घोडी पाहूनही मालक गप्प राहिला असेल, तर समोरचा वकील त्या गप्प राहण्याला मूक संमती म्हणेल. चिखलीकरांनी त्याबद्दल लिहावे.

पशुवैद्य, शिरोळ

मालकीचा वाद आपण सोडवालच. घोडी हलवण्यापूर्वी काय करावे एवढेच मी लिहितो. दोन्ही घरची माणसे समोर असताना तिची तपासणी करून घ्यावी, म्हणजे "दिली तेव्हा धडधाकट होती" हा पुढचा वाद उभा राहणार नाही. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० केले की वजन किलोत मिळते. घेर १६५ आणि लांबी १५० आली, तर घोडी सुमारे ३४४ किलोची आहे असे समजावे. चारही पाय, दात, पाठ आणि खोगीर बसते ती जागा यांची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत.

घोडी वरातींना फिरली असेल, तर ती ठिकठिकाणच्या घोड्यांच्या संपर्कात आलेली आहे, म्हणून ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी करूनच तिला आपल्या तबेल्यात घ्यावे. हा रोग माणसालाही होतो. बाधा निश्चित झाली तर उपचार न करता जनावराला दयामरण द्यावे लागते, त्यामुळे हे काम हिशेबाच्या आधी उरकावे. ती पुन्हा गाभण आहे का तेही सोनोग्राफीने पाहून घ्यावे, नाहीतर हाच धागा पुढच्या वर्षी पुन्हा वर येईल. शिंगरू साधारण सहा महिन्यांचे झाले की आईपासून तोडता येते, त्यामुळे ते कोणाकडेही राहिले तरी प्रकृतीच्या दृष्टीने आता अडचण नाही.

चिखलीकर

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात दोनदा पन्हाळ्याला जाणे झाले.

आधी वकीलसाहेबांच्या प्रश्नाबद्दल. २०२३ च्या दिवाळीत मी गेलो होतो आणि पोट मला दिसले होते. काकांनी हसून "लक्ष्मी आहे," म्हटले आणि मीही हसलो. ही गोष्ट मी मूळ प्रश्नात लिहिली नव्हती, ती लिहायला हवी होती. मागणीपत्र तयार करून घेतले होते, पण हे आठवल्यावर ते पाठवले नाही.

वडील, मी आणि दोन्ही घरे ज्यांना मानतात असे एक वडीलधारे असे तिघे गेलो. वडिलांनी बसल्या बसल्या पहिल्यांदा त्या पावसाळ्याचा विषय काढला आणि तीन महिन्यांचे २५० च्या दरानेच साडेबावीस हजार रुपये पुढे ठेवले. काकांनी ते लगेच घेतले नाहीत, पण त्यानंतर ३,६५,००० हा आकडा बोलण्यात पुन्हा आला नाही. वराती त्यांनी कबूल केल्या. दोन हंगामांत मिळून अकरा झाल्या असे ते म्हणाले. ते भाडे आणि त्या दसऱ्यानंतरच्या काळातला औषध-नालांचा खर्च एकमेकांत वजा धरायचा, असे वडीलधाऱ्यांनी सुचवले आणि दोघांनी मान्य केले. शिंगरू त्यांच्याकडे राहील. याला वडिलांची मान्यता आहे, पण खुशी नाही. त्यांचे म्हणणे असे की ते पुढे विकायचे झाल्यास आधी आम्हाला विचारावे, आणि तेवढी एक ओळ चिठ्ठीत घातली आहे. चिठ्ठी साध्या कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या.

रक्ततपासणीचा अहवाल चांगला आला आणि घोडी गाभण नाही. टेपने वजन ३५१ किलो भरले. परवा तिला टेम्पोतून चिखलीला आणली, पण पहिला दिवसभर तिने पाण्याला तोंड लावले नाही. रात्री काकांना फोन केला, तर ते म्हणाले की ती लोखंडी टाकीतले पाणी पीत नाही, रबरी बादली लागते. बादली आज सकाळी त्यांच्या मुलाने आणून दिली.