मदत हवी आहे: माउंटबॅटन वंशावळीत एकच माणूस दोनदा येतोय

जुनी_वही: लुईची वंशावळ संगणकावर भरतोय, बॅटेनबर्गपाशी (माउंटबॅटन घराण्याचं आधीचं नाव) अडकलोय. जर्मनीतल्या हेसे संस्थानाचा ग्रँड ड्यूक दुसरा लुडविग दोन जागी येतो, तेही वेगवेगळ्या पिढ्यांत. एक नोंद काढली की एक अख्खी फांदी गायब होते. आणि १३व्या शतकातले बॅटेनबर्गचे काउंट कुठे जोडायचे? आज संपवायचंय.

सह्यकडा: कोणता लुई? १८५४चा, इंग्लंडचा आरमारप्रमुख झालेला, की १९००चा त्याचा मुलगा, आपल्याकडचा शेवटचा व्हाइसरॉय? पूर्वजांचा तक्ता की वंशजांचा?

जुनी_वही: व्हाइसरॉयच. पूर्वजांचा.

वंशवेल: मग दोनदा येणारच. व्हाइसरॉयला १ क्रमांक द्या. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे वडील, त्यात एक मिळवला की आई. वडिलांकडून: २ लुई, ४ हेसेचा अलेक्झांडर, ८ दुसरा लुडविग. आईकडून: ३ व्हिक्टोरिया, ६ चौथा लुडविग, १२ कार्ल, २४ पुन्हा दुसरा लुडविग. अलेक्झांडर आणि कार्ल भाऊ. १८८४ साली थोरल्या लुईने (२) चुलत पुतणीशी (३) लग्न केलं, म्हणून एका पिढीचा फरक. अलेक्झांडर-कार्लची आई विल्हेल्मीना तशीच ९ आणि २५वर येईल.
तुम्ही लुडविगच्या दोन नोंदी केल्या असणार. आधी कार्लला पहिल्या नोंदीखाली जोडा, दुसरी मग काढा. उलट केलंत तर कार्लची फांदी लोंबकळत राहते.

किल्लेदार: ८वर लुडविग लिहिणंच चूक. विल्हेल्मीना नवऱ्यापासून वेगळी राहत होती. अलेक्झांडरचा बाप तिचा दरबारी ऑगस्ट फॉन सेनार्क्लेन्स द ग्रान्सी, असं तेव्हाही बोललं जायचं. तसं असेल तर लुडविग फक्त २४वर उरतो.

वंशवेल: लुडविगने मूल आपलं म्हटलं, ती कायद्याची नोंद. कुजबुज टिपेत जाते, बापाच्या रकान्यात नाही.

किल्लेदार: मग टीप ८ क्रमांकालाच लागून हवी. तळाशी टाकली की कुणी वाचत नाही.

पारिजात: राणी एलिझाबेथच्या नवऱ्याला, फिलिपला, माउंटबॅटन हे आडनाव वडिलांकडून नाही, आई अ‍ॅलिसकडून (व्हाइसरॉयची बहीण) मिळालं. १९४७ला ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्याने माउंटबॅटन लावलं.

सह्यकडा: फिलिप इथे कुठून आला? धागा पूर्वजांचा आहे.

मोडीवाचक: ते जुने काउंट जोडूच नका. त्यांचा वंश मध्ययुगातच खुंटला. या घराण्याने फक्त नाव उचललं. अलेक्झांडरने २८ ऑक्टोबर १८५१ला ब्रेस्लाऊमध्ये युलिया हाउकेशी लग्न केलं. ती पोलिश सेनानीची मुलगी, राजघराण्याच्या तोलाची नव्हे. त्यामुळे मुलांना ना हेसेची गादी, ना हेसेचा किताब. मग अलेक्झांडरचा थोरला भाऊ तिसरा लुडविग याने तिला बॅटेनबर्गची काउंटेस केलं, १८५८ला प्रिन्सेस. थोडक्यात, हे नाव आईकडून चालत आलंय. ४ क्रमांकापुढे बॅटेनबर्ग लिहिलं असेल तर पुसा. तो शेवटपर्यंत हेसेचाच राहिला. बॅटेनबर्ग ५ क्रमांकाला, युलियाला.

पारिजात: आपल्याकडे इनामाच्या गावावरून आडनाव पडतं, तसंच की हे.

मोडीवाचक: पूर्ण तसं नाही. ते गाव त्यांच्या ताब्यात नव्हतं, किताबापुरतं नाव.

जुनी_वही: कार्ल जोडला, दुसरी नोंद काढली, फांदी शाबूत आहे. ४चं आडनाव चुकलंच होतं. १ आणि २ला काय लिहू?

वंशवेल: जन्मनाव दोघांचंही बॅटेनबर्ग. जर्मनीशी युद्ध पेटलेलं असताना १४ जुलै १९१७ला माउंटबॅटन झालं. बेर्ग म्हणजे डोंगर, त्याचंच इंग्रजी. ते 'बदललेलं नाव' या रकान्यात तारखेसकट टाका. जन्मनावावर लिहिलंत तर वर बॅटेनबर्ग शोधताना दोघंही सापडणार नाहीत.