मदत हवी आहे : समुद्रपृष्ठाच्या सूक्ष्मथराचे नमुने सोलापूरपर्यंत कसे टिकवावेत?

मी सोलापुरात रसायनशास्त्रात संशोधन करत असून समुद्राच्या पृष्ठावरील, एक मिलिमीटरहूनही पातळ थरात साचणारे पृष्ठसक्रिय पदार्थ (साबणासारखे, पृष्ठताण कमी करणारे पदार्थ) हा माझा विषय आहे. हवा आणि पाणी यांच्यातील कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण हे पदार्थ मंदावतात, म्हणून त्यांचे मोजमाप विश्वासार्ह असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

नमुने रत्नागिरीजवळ होडीतून, काचेची पट्टी उभी बुडवून सावकाश वर काढून व रबरी पात्याने निथळून घेतो. तुलनेसाठी खालचे पाणीही घेतो. अडचण त्यानंतरच्या रात्रभराच्या प्रवासाची आहे. आम्लाने धुतलेल्या काचेच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून आणल्या, तरी एकाच नमुन्याची वाचने परस्परांशी जुळत नाहीत. मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याने हे पदार्थ मोजण्याच्या पद्धतीत समुद्रजलातील क्लोराइड अडथळा आणते, शिवाय ती केवळ ऋणभारित पदार्थ दाखवते. त्यामुळे आता पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरून व्होल्टॅमेट्री (विद्युतदाब बदलत विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत) करतो, आणि इलेक्ट्रोड पाऱ्याचा असल्यामुळेच सूक्ष्मजीव मारण्यासाठी नमुन्यात मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचा क्षार) घालणे टाळले आहे. गोठवल्यास सूक्ष्मजीवांच्या पेशी फुटून आतले पदार्थ पाण्यात मिसळतील, ही भीती आहे. उपकरण किनाऱ्यावर नेणे शक्य नाही.

असे नमुने किनाऱ्यावरच गाळावेत, की न गाळता ४ अंश सेल्सिअसला ठेवावेत, आणि मोजणी किती तासांच्या आत झालीच पाहिजे?