प्रतिसाद: भरावावरची झाडं, पाझर आणि सांडवा

मातीच्या धरणाच्या भरावावरची (बांधावरची) झाडं माती धरून ठेवतात, ती राहू द्यावीत, असं वर कोणीतरी लिहिलंय. कळकळीनं सांगतो, मातीच्या धरणात नेमकं उलटं होतं. मुळं भरावात खोल शिरतात, झाड वठलं की कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. भरावावर आखूड गवतच हवं. मात्र मोठं झाड मुळासकट उपटण्याआधी अभियंत्याला विचारा, खड्डा नीट ठोकून भरला नाही तर तोच घात करतो.

थोडा पाझर जवळपास प्रत्येक मातीच्या धरणात असतो. नितळ असेल तर नियमित मोजत राहा. पाणी गढूळ झालं, तोंडाशी बारीक मातीचा ढीग साचू लागला, की आतून भराव वाहून चाललाय. मग तासाभराचाही उशीर नको.

आणि सांडव्याकडे, म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेकडे, कोणीच का बघत नाही? इंग्लंडमधल्या टॉडब्रुक या जुन्या मातीच्या धरणाचा सांडवा ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पावसात खचला, सुमारे १,५०० लोकांना घरं सोडावी लागली. फरशीच्या भेगा-सांध्यांतून पाणी खाली शिरून माती धुपली होती. चौकशीत सदोष आराखडा आणि अपुरी देखभाल, दोन्ही समोर आलं. सांध्यात गवत उगवलेलं दिसलं तर पावसाळ्याआधी ते काढून सांधे भरून घ्या.