मदत हवी आहे: लॅपटॉप जोडला की मिक्सरमधून घूंऽऽ

मंडळी, ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या भजनी मंडळाने छोटा मिक्सर घेतलाय. माइक इनपुट दोनच. गायकाचा आणि पेटीचा माइक तिथे, आवाज स्वच्छ. पण लॅपटॉपवर वाजणाऱ्या तानपुऱ्यासाठी त्याचा हेडफोन सॉकेट लाइन इनपुटला जोडला की घूंऽऽ सुरू, थेट षड्जाशी भांडण!

वायर बदलली, गेन उतरवला, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावले. फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) बंदच आहे. चार्जर काढला की आवाज थांबतो, म्हणजे ग्राउंड लूपच (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह) असावा. पण बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते, भजन दोन तास. अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कृपया नको, माइक ओठाशी असतो, शॉक बसायचा.

डीआय बॉक्सला (लाइनचा सिग्नल माइक इनपुटजोगा करणारी डबी) माइक इनपुट लागेल, तो शिल्लक नाही. मग लाइन इनपुटवरच साधा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज जाऊ देऊन दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवणारा) चालेल का, की त्यात तानपुऱ्याचा खर्ज पातळ होईल?