नैरोबीहून लागोस: दोन तास मागे, आणि बाकीचं

नैरोबीहून

मंडळी, नमस्कार.

यांची नायजेरियातल्या लागोसला बदली झाली आहे, जानेवारीत निघायचं. इथे आपण भारताच्या अडीच तास मागे. संध्याकाळी सहाला फोन लावला की पुण्यात साडेआठ, सासूबाईंचं जेवण झालेलं, निवांत बोलणं होतं. लागोस साडेचार तास मागे. "दोन तासांनी काय बिघडतंय?" असं यांचं म्हणणं. तिथल्या कुणी नीट सांगाल का? मुलगी सातवीत आहे, तिचा पुण्याचा ऑनलाईन गणिताचा क्लासही चालू ठेवायचाय.

लागोसहून

वहिनी, आधी क्लासचं बघा. पुण्यातले संध्याकाळचे सहा म्हणजे इथले दुपारचे दीड. मुलगी शाळेत असणार. शनिवार-रविवारची बॅच मागून घ्या.

फोनचं गणित पुलावर अवलंबून. ऑफिस व्हिक्टोरिया आयलंडला आणि घर इकेजाकडे असेल, तर मधे थर्ड मेनलँड ब्रिज, जवळजवळ 12 किलोमीटरचा. पाचला निघालेला माणूस कधी सहाला घरी, कधी आठला. आठ म्हणजे पुण्यात मध्यरात्र उलटून अर्धा तास! म्हणून आम्ही घरचे फोन सकाळी उरकतो. इथे सहा, तिकडे साडेदहा, आईची पूजा आटोपलेली असते. घर बघताना ओटा-बाल्कनी नंतर बघा, आधी ऑफिस आणि घर पुलाच्या एकाच बाजूला येतंय का ते बघा.

दुसरं वेळापत्रक विजेचं. नेपा म्हणजे जुनी सरकारी वीज कंपनी; ते नाव 2005 मध्ये गेलं, 2013 मध्ये वीजवाटप खाजगी कंपन्यांकडे गेलं, तरी लाईट आली की गल्लीतली पोरं अजून "अप नेपा!" ओरडतात. जनरेटर किती तास चालतो आणि डिझेल भाड्यात धरलंय का, हे मालकाकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर मिक्सर चालत नाही. 2023 मध्ये पेट्रोलची सबसिडी गेल्यावर छोटे जनरेटर चालवणं महाग झालं, त्यामुळे इन्व्हर्टर असलेलं घर मिळालं तर सोडू नका.

नैरोबीच्या जुलैतल्या थंडीचे तुमचे स्वेटर तिथेच देऊन टाका. जानेवारीत इथे हरमटन वारा असतो, सहाराकडून धूळ येते, ओठ फुटतात, गाडी रोज पुसावी लागते. नैरोबीच्या उंचीवर मलेरियाची फारशी धास्ती नसते, इथे ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. आणि यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, सामानात नको.

नैरोबीहून, काका

सूनबाई, दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही. उन्हाळ्यात लागोस आणि लंडनची वेळ एकच होते, भाचीशी बोलायला बरं. आपल्याकडचा स्वाहिली हिशोब मात्र तिथे सोडून द्यावा लागेल. इथे माळी "सा तातू" (तीन वाजता) म्हणाला की आपण नऊ समजतो, कारण मोजणी सकाळी सहापासून. लागोसला नऊ म्हणजे नऊच (माणूस कधी येईल ते वेगळं).

संकष्टी करत असशील तर मुंबईचा चंद्रोदय बघून उपास सोडू नकोस. मुंबईत रात्रीचे नऊ तेव्हा लागोसला दुपारचे साडेचार, चंद्र क्षितिजाखाली. पंचांगाच्या ॲपमध्ये गावच लागोस निवडायचं, म्हणजे तिथीही तिथल्या सूर्योदयाची दिसते. नैरोबीच्या चंद्रोदयाची वेळ तशीच धरून किंवा त्यातून दोन तास वजा करूनही भागत नाही, गाव बदललं की चंद्रोदयही बदलतो. उपाशी माणसाला चार मिनिटंही फार.

नैरोबीहून

काका, ॲपमध्ये गाव बदललं. ताई, पुलाचं यांना वाचून दाखवलं, गप्प बसलेत. इथे नैरोबीच्या पार्कलँड्स भागात मेथी, दुधी, कारली सहज मिळतात, तिथे काय?

लागोसहून

भेंडी हवी तेवढी, इथे तिचं सूप करतात. मेथीचं माझं म्हणाल तर दाणे कुंडीत पेरते, आठवड्यात कोवळी भाजी येते. दुधी दिसला की दोन घ्यायचे. उपासाला याम उकडा, वर तूप-जिरं. कोनफळाचाच भाऊ तो. घर बघायला याल तेव्हा जेवायला आमच्याकडेच या, फक्त शुक्रवारची संध्याकाळ नको. त्या दिवशी पुलावरून कुणीच वेळेवर पोचत नाही.