डीथॅचर: नुसतं बंद करणं पुरेसं नाही

डीथॅचर, म्हणजे लॉनमधला वाळक्या गवताचा थर दात्यांनी ओरबाडून काढायचं मशीन. ते वापरण्याबद्दल वरच्या पोस्टमध्ये, सुरुवातीला दाते मातीत कमीच खोल जाऊ द्या, असं लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. दाते मातीत घुसले की मशीन पुढे उसळतं आणि खांदे उखडायची वेळ येते. पण दात्यांत अडकलेलं गवत काढायचं तर 'इंजिन बंद केलं की झालं' हे त्याच पोस्टमधलं म्हणणं मात्र मान्य नाही. एक तर बंद केल्यावरही रोटर (दाते बसवलेला फिरता दांडा) काही सेकंद फिरतच असतो. दुसरं म्हणजे, पेट्रोलवरच्या मशीनमध्ये स्पार्क प्लगची वायर जोडलेली असेल, तर दाते हाताने फिरवताना इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं. मी एकदा काठीने गवताचा गुंता सोडवत होतो. रोटर अर्धा वेढा फिरला आणि काठी हातातून उडाली. काठीच्या जागी बोटं नव्हती म्हणून हे टाइप करू शकतोय! तेव्हापासून आधी वायर काढून बाजूला वळवून ठेवतो, मगच खाली वाकतो. विजेवरचं असेल तर प्लग काढायचा, बॅटरीवरचं असेल तर बॅटरी.

आणखी एक, ज्याचा इथे कुणी उल्लेख केला नाही: स्प्रिंकलरची तोंडं. गवतात ती दिसत नाहीत. आदल्या दिवशी पाणी सोडून ती कुठे आहेत ते बघा आणि प्रत्येकाशेजारी छोटी झेंडी रोवून ठेवा. मी आळस केला होता, तीन तुटली. त्यातल्या एकाचा तुकडा थेट नडगीवर आला. जाड पँट होती म्हणून निभावलं.