पर्यटन आलं की पोरींचा व्यापारही येते म्हणणं बरोबर हाय का?

बफरवाला: ताडोब्याच्या बफरमधलं, म्हणजे वाघाच्या जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातलं, आमचं गाव, बाजूलेच रिसॉर्ट होऊन रायलं. ग्रामसभेत मी एवढंच म्हटलं का ठरावात एक अट टाका, सोबत घरचं माणूस नसलेलं लेकरू खोलीत घ्याचं नाही, अन् स्टाफचंही वय तपासून रजिस्टरात लिवाचं. तर अर्धे लोक म्हणते तू गावाची बदनामी करून रायला. बाप्पा, हे मी मनानं काढलं का? गोव्यात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस मडगावात अनाथ पोरांचं वसतिगृह चालवे अन् परदेशी पाहुणे त्या पोट्ट्यांसाठी येत. १९९१ ले धरला, १९९६ ले जन्मठेप झाली. मग २००३ मध्ये गोव्यानं बालक कायदा केला, त्यात हॉटेलातल्या लेकरांची जबाबदारी मॅनेजरवर टाकली. म्हणजे लेकरं बरबाद झाल्यावर नियम आला. थायलंडचं पटाया तर साधं मासेमारीचं गाव होतं, व्हिएतनाम लढाईतले अमेरिकन सैनिक सुट्टी काढाले तिथं याले लागले अन् पुढं तिथं देहविक्रीचा बाजार झाला, हे सगळ्यायले माहीत हाय. आपण नियम आधी करू म्हणतो, यात कोणाचं काय जाते?

जिप्सी_डायवर: ताडोबा म्हणजे पटाया होय का बे? इथं लोक लेकरंबाळं घेऊन वाघ पाहाले येतात, पहाटे चारले उठतात, संध्याकाळी गेट बंद झालं का जेवून झोपतात. माही बायको होमस्टेमध्ये सैपाक करते, गावातल्या पोट्ट्या गाईड झाल्या, दहा वर्साआधी याच पोट्ट्या धान कापून झाला का तेलंगणात मिरची तोडाले जात, कोणाच्या गाडीत बसल्या, कुठं उतरल्या, कोणाले पत्ता नसे. तेव्हा कोणाले काळजी नाही वाटली. आता गावात दोन पैसे येऊन रायले तर तुले गोवा आठवला. असे ठराव पाहून बुकिंग दुसऱ्या गेटवर जाईन, मग घाल म्हणा रजिस्टर चुलीत.

मास्तरीणबाई: दोघंही अर्धं बोलता. भाऊ, गिऱ्हाईक गोराच असते असं काहून धरून चालता? आपल्याच शहरातले विकेंडवाले काय देव आहेत का? अन् दुसरं, पोरगी गाडीत कोंबून नेतात हे सिनेमात. खरं म्हणजे ओळखीची बाई येते, पुण्यात हॉटेलात काम आहे म्हणते, नाहीतर हुंडा नको म्हणून स्थळ आणते, आईबाप कर्जात असते, हो म्हणून टाकते. माणसांच्या तस्करीवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० च्या पालेर्मो करारात हेच आहे, फसवून नेलं, कर्जात अडकवून नेलं, तरी तस्करीच, आणि अठराच्या आतलं लेकरू असेल तर फसवलं का नाही हा प्रश्नच नाही, त्याचं हो म्हणणं धरतच नाहीत. आपल्याकडं भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अंदाज, जगात जवळपास ६३ लाख लोक जबरदस्तीच्या लैंगिक व्यापारात, त्यात चारातलं एक लेकरू. रिसॉर्ट हे फक्त शेवटचं टोक, सुरुवात आपल्या ओसरीवरूनच होते.

नागपूर_साइड: ठराव करा पण त्याच्या नावावर धाडी नका घालू. २०२१ मध्ये नागपुरात गंगा-जमुना ही देहविक्रीची वस्ती सील केली, टाळ्या वाजल्या, तिथल्या बायकांनी जायचं कुठं हे कोणी विचारलं? २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं का मर्जीनं हे काम करणाऱ्या सज्ञान बाईले पोलिसांनी त्रास द्यायचा नाही. सज्ञान बाई एक मुद्दा, लेकरू अन् फसवलेली पोरगी दुसरा. धाडीत सगळे एकाच गाडीत भरले जाते आणि दलाल मागच्या दारानं निघून जाते.

जिप्सी_डायवर: बाईंचं ओसरीवालं पटलं. मंग रजिस्टर रिसॉर्टमध्येच काहून? मिरचीले पोट्ट्या नेणाऱ्या मुकादमाचं नाव, आधार, गाडी नंबर ग्रामपंचायतीत लिवा ना.

बफरवाला: लिवू. दोन्ही लिवू. पण मुकादमाचं दाखवून रिसॉर्ट सुटला असं नको. हॉटेलवाले परदेशी पाहुण्याची माहिती सरकारले चोवीस तासात कळवतात, कारण कळवली नाही तर त्यायच्यावर केस होते. लेकराचं वय पाहाले मात्र टाइम नाही म्हणे!

जिप्सी_डायवर: मालक रिसेप्शनवर १०९८ ची, लेकरांच्या मदतीच्या फोन नंबरची, पाटी लावू देईन का पण? मले गाडी लावाची रायते तिथं, मी नाही बोलणार त्याच्याशी.

मास्तरीणबाई: मी बोलते. मंगळवारी शाळा सुटल्यावर. तुम्ही नुसते सोबत उभे राहा.